शिक्षण संपलं, खुबा दुखतोय आणि शहर बदलायचंय: राहायची जागा कशी ठरवायची

एमएस्सी संपायला दोन महिने राहिले होते तेव्हा पन्हाळ्यावरून उतरताना माझा पाय घसरला आणि डावा खुबा धरला. हाड नाही मोडलं, एक्स-रे एकदम नॉर्मल, पहिल्या डॉक्टरांनी स्नायू ताणलाय म्हणून गोळ्या देऊन पाठवलं, आणि मी तीन आठवडे तसंच लंगडत प्रोजेक्ट सबमिशन, व्हायवा सगळं केलं. नंतर एमआरआय झाला तेव्हा कळलं की लेब्रम फाटलंय. खुब्याच्या वाटीच्या कडेने वॉशरसारखी एक कूर्चेची गोल कड असते ती लेब्रम, तिला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ती आपली आपण भरून येणं अवघड असतं, पण आजूबाजूचे स्नायू फिजिओने घट्ट केले तर बऱ्याच जणांचं ऑपरेशनशिवाय निभावतं. माझं सध्या त्याच मार्गाने चाललंय. आणि नेमकं ह्याच काळात ठरवायचं होतं की कोल्हापूर सोडून जायचं कुठे, पुणे, मुंबई की बंगलोर.

सगळे पॅकेजबद्दल बोलत होते. वर्गातली मुलं, काका, मामा, सगळे. खुबा दुखत असताना आपला संबंध शहराशी कमी आणि जिन्याशी, रिक्षाशी, कमोडशी, ऑफिसच्या खुर्चीशी जास्त येतो, हे मला कोणी सांगितलं नाही, ते मी चुका करत शिकले आणि म्हणून हे लिहितेय. उलट्या क्रमाने विचार करा. आधी आपला रोजचा दिवस, मग घर, मग एरिया, आणि शहर सगळ्यात शेवटी. आणि हे सगळं आपल्या दुखऱ्या दिवसाच्या हिशोबाने, बऱ्या दिवसाच्या नाही.

सगळ्यात आधी डॉक्टरांकडे जा आणि "बरं कधी होईल" हे विचारू नका, त्याचं उत्तर कोणालाच नीट देता येत नाही. विचारा की पुढच्या सहा-आठ महिन्यांत ऑपरेशन लागायची शक्यता किती आहे आणि ते कधी ठरेल. ह्या एका उत्तरावर अर्धा निर्णय होतो. कारण खुब्याची दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली तर काही आठवडे कुबड्या आणि मग पूर्ववत पळायला-उड्या मारायला चार ते सहा महिने, कधी जास्तही, म्हणजे त्या काळात तुम्ही जिथे असाल तिथे कोणीतरी चहा हातात आणून देणारं पाहिजे. ऑपरेशनची शक्यता जास्त असेल तर अनोळखी शहरात पीजीत राहायला जाऊ नका, सरळ जॉइनिंग पुढे ढकलायला सांगा. मला डॉक्टर म्हणाले तीन महिने फिजिओ करून बघू, ऐंशी टक्के तरी सुधार दिसला तर चाकू लावायचा नाही. मग मी पुढचा विचार करू शकले.

दुसरं, दहा दिवस वहीत लिहून काढा. किती वेळ बसलं की जांघेत दुखायला लागतं, किती पायऱ्या, सपाटीला किती चालणं, आणि त्या रात्री झोप लागली की नाही. मोबाईलमध्ये पावलं मोजली जातात त्यावर जाऊ नका, चढावरची पाचशे पावलं आणि सपाटीची पाचशे ह्यात फार फरक आहे. माझे आकडे असे निघाले, बऱ्या दिवशी चाळीस मिनिटं बसणं, दोन मजले, सातशे मीटर चालणं. दुखऱ्या दिवशी वीस मिनिटं, एक मजला आणि अडीचशे मीटर. हे अडीचशे मीटर आणि एक मजला मी मोबाईलच्या नोट्समध्ये सगळ्यात वर लिहून ठेवलं आणि पुढचं प्रत्येक घर, प्रत्येक ऑफिस त्याच मापाने बघितलं.

आता शहरांचं. आईचं म्हणणं होतं, "वर्षभर थांब की गं हितंच, कुठं पळून चाललीय नोकरी." आणि मी खरंच सांगते, हा पर्याय पहिल्या फटक्यात खोडू नका. घरून काम करायला देणारी नोकरी असेल, फिजिओ ओळखीचा असेल, तर सहा महिने घरी राहून खुबा सांभाळणं ह्यात करिअरचं काही बुडत नाही. माझ्याकडे तशी ऑफर नव्हती आणि एज्युकेशन लोनचा हप्ता सुरू होणार होता, म्हणून मला निघावं लागलं.

मुंबईची ऑफर अंधेरीची होती आणि मावशी ठाण्यात राहते, म्हणजे राहायचा प्रश्न सुटलेला. मी हो म्हणायच्या आधी तिच्याकडे पाच दिवस राहायला गेले आणि रोज सकाळी पावणेनऊची वेळ धरून ऑफिसपर्यंत जाऊन आले, ऑफिसात काम नसताना, नुसतं जाऊन यायचं म्हणून. ठाण्याहून घाटकोपर लोकल, तिथून मेट्रो वन, २०१४ पासून चालू असलेली घाटकोपर-वर्सोवा लाईन. मेट्रो चांगली आहे, एकदा आत शिरलं की प्रश्न नाही. घाटकोपरला लोकलमधून उतरणं हा प्रश्न आहे. फाटलेल्या लेब्रमला सरळ चालण्याचा त्रास कमी आणि पाय जमिनीवर टेकलेला असताना अंग वळलं की त्रास जास्त, आणि गर्दीत मागून लोंढा आला की नेमकं तेच होतं, पाऊल तिथेच राहतं आणि कमरेवरचं शरीर फिरतं. तिसऱ्या दिवशी तसं झालं आणि मी प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर वीस मिनिटं बसून राहिले. एका काकूंनी पाण्याची बाटली दिली, माझी गाडी कुठली विचारली, आणि मी ठीक आहे म्हणेपर्यंत स्वतःची लोकल सोडून थांबल्या. मुंबईवर माझं प्रेम त्या काकूंमुळे वाढलंच पण नोकरीला मी नकार कळवला. ऑफिसच्या जवळ घर परवडत असेल तर मुंबईचा विचार जरूर करा, कारण तिथे रिक्षा मीटरने येते आणि औषधाचं दुकान, किराणा सगळं बिल्डिंगखाली असतं.

बंगलोरचा पगार तिन्हीत जास्त होता. ऑफिस व्हाईटफील्डला, आणि तिथपर्यंत पर्पल लाईन ऑक्टोबर २०२३ पासून चल्लघट्टापर्यंत सलग ४३ किलोमीटर धावते, त्यामुळे जाण्यायेण्याचं जमलं असतं. पण तिथे डिपॉझिट भरपूर महिन्यांचं मागतात, एकदा पैसे अडकले की घर त्रासाचं निघालं तरी सोडवत नाही, आणि खुबेदुखीत घर बदलायची मोकळीक हातात असणं मला फार महत्त्वाचं वाटतं. शिवाय कोल्हापूरहून रात्रभर बसून प्रवास. आईला अचानक बोलवायचं झालं तर?

पुण्याला काय आहे की कोल्हापूरहून एसटी थेट स्वारगेटला येते आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून भूमिगत मेट्रो स्वारगेटपर्यंत आलीय, म्हणजे आई एसटीतून उतरून लिफ्टने खाली जाते आणि मेट्रोत बसते. हाडांच्या दवाखान्यांची आणि फिजिओंची पुण्यात कमतरता नाही, शिवाजीनगरच्या संचेतीचं नाव तर आमच्याकडे गावोगावचे लोक घेतात. माझी ऑफर कल्याणीनगरची होती, पगार बंगलोरपेक्षा कमी. तरी पुणं घेतलं. पण "पुणं घेतलं" म्हणून काम संपत नाही, पुण्यातल्या पुण्यात इतका फरक आहे की चुकीच्या ठिकाणी घर घेतलं असतं तर मुंबई बरी म्हणायची वेळ आली असती.

नकाशा उघडून आधी मेट्रोच्या दोन लाईन बघा. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट ती पर्पल, वनाज ते रामवाडी ती ॲक्वा, आणि दोन्ही भेटतात सिव्हिल कोर्टला, स्टेशनचं आताचं नाव डिस्ट्रिक्ट कोर्ट. हे सिव्हिल कोर्ट स्टेशन जमिनीखाली जवळपास ३३ मीटर खोल आहे, देशातल्या सगळ्यात खोल स्टेशनांपैकी एक, आणि ॲक्वा लाईन वरून पुलावरून जाते, म्हणजे लाईन बदलायची तर तळातून पार वरपर्यंत यायचं. लिफ्ट आहेत, सरकते जिने आहेत, पण एका लिफ्टमधून दुसरीकडे चालत जाणं, रांगेत उभं राहणं, हे रोज दोन वेळा करायचं म्हणजे माझ्या अडीचशे मीटरमधले बरेचसे तिथेच खर्च. म्हणून माझा नियम असा ठरला की घर आणि ऑफिस एकाच लाईनवर. ऑफिस कल्याणीनगर, म्हणजे ॲक्वा, म्हणजे घर वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळस्टॉप ह्या पट्ट्यात. जी लाईन अजून सुरू व्हायचीय तिच्या भरवशावर घर घेऊ नका, मी शोधत होते तेव्हा ब्रोकर हिंजवडी लाईन "आता होईलच" म्हणून वाकडचे फ्लॅट दाखवत होते, पण खुब्याला आज जायचंय.

आणि स्टेशनची लिफ्ट रस्त्याच्या कुठल्या बाजूला उतरते ते स्वतः जाऊन बघा. नकाशावर घर स्टेशनपासून दोनशे मीटर दिसतं पण लिफ्ट पलीकडच्या बाजूला असली तर पौड रोड ओलांडायचा, आणि संध्याकाळी सहा वाजता तो रस्ता दुखऱ्या पायाने पळत ओलांडणं ही गोष्ट मी तुम्हाला करू देणार नाही.

चढ-उतार हा पुण्यातला लपलेला विषय आहे. कोथरूडमध्येच मेन रोडला सपाट आणि टेकडीच्या बाजूला दोन गल्ल्या आत गेलं की असा चढ लागतो की सायकलवाला उतरून चालतो. धनकवडी, बिबवेवाडीचा वरचा भाग, बावधन, सूस रोड, इथेही तसंच. शक्य असेल तर घर पावसाळ्यात बघा, निदान पाऊस पडून गेल्यावर, कारण सोसायटीच्या आत शहाबादी फरशी असते, तिच्यावर शेवाळं धरतं आणि घसरलं की सगळ्या फिजिओवर पाणी.

पेठांचं वेगळं सांगते कारण शिकून आलेल्या मुलांना पहिल्यांदा तिथेच खोल्या मिळतात. सदाशिव पेठेत मी एक खोली बघितली, स्वच्छ, हवेशीर, भाडं माझ्या बजेटपेक्षा कमी, खाली खानावळ, मालकीणबाई इतक्या प्रेमळ की त्यांनी आल्या आल्या हातावर गूळ-पाणी ठेवलं. जिना लाकडी, उभा, कठड्याऐवजी वरून सोडलेला जाड दोर. मी पर्समध्ये शिलाईची टेप ठेवत होते तेव्हा, एक पायरी मोजली तर साडेनऊ इंच. नेहमीच्या बिल्डिंगमध्ये सहा-सात असते. दोन-तीन इंचाने काय होतंय असं वाटेल, पण प्रत्येक पायरीला गुडघा तेवढा जास्त वर उचलायचा आणि खुबा तेवढा जास्त दुमडायचा, आणि फाटलेल्या लेब्रमला चिमटा बसतो तो त्याच दुमडण्यात. बाईंना मी खरं कारण सांगितलं, त्या म्हणाल्या, "मग नकोच गं बाळा, माझेच गुडघे ह्या जिन्याने घेतले." दुसरं म्हणजे गणपतीच्या दहा दिवसांत पेठांत रिक्षा दारापर्यंत येत नाही आणि विसर्जनाला तर अजिबात नाही, तेव्हा दुखरा दिवस निघाला तर तुम्ही घरात अडकलात.

लिफ्टबद्दल तीन प्रश्न विचारा, लिफ्ट आहे का, तिला बॅकअप आहे का, आणि लिफ्टपर्यंत किती पायऱ्या. पुण्यात गुरुवार हा देखभालीचा वार, लाईटही गुरुवारी जाते आणि बऱ्याच भागात पाणीही, तर घर गुरुवारी दुपारी बघायला जा आणि लिफ्ट चालू आहे का ते डोळ्यांनी बघा. मजला विचारताना "पहिला मजला" ऐकून खूश होऊ नका. मला एका ब्रोकरने पहिला मजला सांगून नेलं, खाली पार्किंग, त्यावर एक दुकानांचा मजला, आणि मग त्यांचा पहिला, मोजून छत्तीस पायऱ्या आणि लिफ्ट नाही. आता मी मजला विचारतच नाही, फोनवरच विचारते पायऱ्या किती. हसतात, पण मोजून सांगतात.

जिना टाळता आला नाहीच तर हे लक्षात ठेवा, चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा पाय आधी खाली, आणि काठी असेल तर ती दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात. मी पहिले दहा दिवस काठी त्याच बाजूला धरून चालत होते आणि दुखणं वाढवून घेत होते.

घरात शिरल्यावर हॉल आणि गॅलरी नंतर बघा, आधी संडास. भारतीय पद्धतीचा असेल तर विषय संपला. कमोड असेल तर बसून बघा, हो, खरंच बसून बघा, गुडघे खुब्याच्या वर जात असतील तर तो बुटका आहे, वर लावायची उंच सीट मिळते पण मालक बसवू देतील का विचारून घ्या. बाथरूममध्ये हात धरायला जागा आहे का. मग झोपायचं. बॅचलर फ्लॅटमध्ये सगळे जमिनीवर गाद्या टाकून झोपतात आणि मी पण चार वर्षं तेच केलं, पण जमिनीवरून उठताना खुबा पूर्ण दुमडतो आणि वळतो, दोन्ही एकदम, म्हणून बेड पाहिजेच, सेकंडहँड घ्या पण घ्या. कुशीवर झोपताना गुडघ्यांच्या मध्ये उशी. किचनचा ओटा उभ्याने असतो ते बरं, पण सिलेंडर हलवायला आला की त्याचं वजन भरलेला असताना तीस किलोच्या आसपास जातं, पाईप गॅस असलेलं घर मिळालं तर थोडं भाडं जास्त द्या. जेवायला मांडी घालून बसायची सवय सध्या सोडा, रूममेट्सना आधीच सांगून ठेवा म्हणजे प्रत्येक वेळी स्पष्टीकरण द्यावं लागत नाही.

ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं होतं तेव्हा लॉक-इन, म्हणजे घर सोडता न येण्याचा काळ, किती महिन्यांचं आहे ते वाचा. मी एक महिन्याच्या नोटीसवर सोडता येईल असं लिहून घेतलं आणि त्याबदल्यात भाड्यात घासाघीस केली नाही. हे लीव्ह अँड लायसन्स ॲग्रीमेंट महाराष्ट्रात रजिस्टर करावंच लागतं, मालक टाळत असतील तर दुसरं घर बघा. अकरा महिन्यांनी तुमचा खुबा आजच्यासारखा नसेल, तेव्हा नवीन वही काढून नवीन आकडे लिहा आणि घर परत ठरवा.

गाडीचं. पुण्यात येतेस म्हणजे ॲक्टिव्हा घे, असं सगळ्यांनी सांगितलं. बाईकवर टांग टाकण्यापेक्षा स्कूटर सोपी, पण सिग्नलला आपण बहुतेक वेळा डावा पाय टेकतो आणि माझा डावाच दुखरा, शिवाय मेन स्टँडला लावताना आणि खड्ड्यात जे बसतं ते वेगळंच. मी घेतलेली नाही. रिक्षात किंवा कारमध्ये बसताना आधी सीटवर बूड टेका आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्या, एक पाय आत एक बाहेर असं अर्धवट वळू नका.

ऑफिसला कधी सांगायचं? माझं मत, इंटरव्ह्यूत नाही, ऑफर लेटर हातात आल्यावर आणि जॉइन व्हायच्या आधी, ईमेलवर, चार ओळीत. आजाराची पूर्ण कहाणी नको, काय पाहिजे ते नेमकं लिहा. मी लिहिलं होतं की उंची कमी-जास्त होणारी खुर्ची, दर चाळीस मिनिटांनी पाच मिनिटं उभं राहायची मुभा, पहिले तीन महिने आठवड्यातून दोन दिवस घरून काम. दोन गोष्टी लगेच मिळाल्या, घरून काम एक दिवस मिळालं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा आधार बरेच जण सुचवतात, पण त्यातल्या आरक्षणासारख्या फायद्यांसाठी चाळीस टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो, माझ्यासारखी दुखापत तिथपर्यंत जात नाही, त्यामुळे साधं माणसासारखं बोलून मागणंच कामाला आलं. दुसऱ्या एका कंपनीने सात दिवसांत जॉइन व्हा नाहीतर ऑफर रद्द म्हटलं होतं, आणि तेव्हा रडले होते, पण फिजिओचा पहिला महिना चालू असताना असं म्हणणाऱ्या ठिकाणी पुढे काय झालं असतं ते मला कळून चुकलं.

विम्याचं नीट बघा, इथे घाई करू नका. स्वतःची नवीन पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या दुखण्याला वेटिंग पिरियड (क्लेम न मिळण्याचा काळ) असतो, एप्रिल २०२४ पासून तो जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो, म्हणजे आज घेतलेली पॉलिसी ह्या खुब्याच्या ऑपरेशनला लगेच उपयोगी पडेलच असं नाही. कंपनीची ग्रुप पॉलिसी बऱ्याचदा पहिल्या दिवसापासून जुनी दुखणी धरते, एचआरला लेखी विचारा. आणि वडिलांच्या पॉलिसीत नाव असेल तर नोकरी लागली म्हणून लगेच काढू नका, बऱ्याच ठिकाणी पंचविशीपर्यंत चालतं, अटी वाचा. दुखणं लपवून पॉलिसी कधीच घेऊ नका, क्लेमच्या वेळी तेच समोर येतं. फिजिओचा रोजचा खर्च बहुतेक विम्यात बसत नाही, तो महिन्याच्या बजेटमध्ये भाड्याच्या शेजारी लिहा.

नवा फिजिओ शहरात पोचल्यावर शोधायचा नाही, आधी शोधायचा, आणि तो घराजवळ नको तर मेट्रोपासून घरी येतानाच्या वाटेवर पाहिजे, कारण घरी येऊन परत बाहेर पडणं दुखऱ्या दिवशी होत नाही. जुन्या फिजिओकडून व्यायामांची यादी, कुठल्या तारखेला काय वाढवलं, काय केल्यावर दुखलं, हे एका कागदावर लिहून घ्या. माझ्या कोल्हापूरच्या ताईंनी दीड पान लिहून दिलं आणि खाली नंबर देऊन म्हणाल्या नवीन मॅडमना मला फोन करायला सांग, आणि त्यांनी खरंच केला.

सामान हलवायच्या दिवशी तुम्ही काही उचलायचं नाही, एक पिशवीसुद्धा नाही, दारात खुर्ची टाकून बसा आणि कुठलं खोकं कुठे ते सांगा. रोज लागणाऱ्या वस्तू कंबर ते खांद्याच्या उंचीत लावून घ्या, माळ्यावर आणि खालच्या कप्प्यात ह्या वर्षी न लागणारं. एसटीने किंवा कारने येत असाल तर दर तासाला उतरून दोन मिनिटं उभं राहा, ड्रायव्हरला निघतानाच सांगून ठेवा. आणि एमआरआयची फिल्म, सीडी, सगळे रिपोर्ट, ते फिजिओचं दीड पान आणि दोन दिवसांच्या गोळ्या टेम्पोत टाकू नका, स्वतःच्या हातातल्या बॅगेत ठेवा. माझी सीडी टेम्पोत गेली होती आणि गाद्यांच्या खाली सहा दिवसांनी सापडली, तोपर्यंत नवीन डॉक्टरांची अपॉइंटमेंट दोनदा पुढे गेली.